बालरोगतज्ज्ञांची संघटना, लस कंपन्यांचा पैसा आणि विदर्भाचे ताप

हिवतापवाला_निवृत्त (धागाकर्ता)

मृग लागला. पुढचे तीन-चार महिने आपल्याकडे लहान मुलांच्या तापाचे, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय. दिवाळीत काढून उपयोग नाही.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात, हिवताप शाखेत नोकरी केली. रामटेक, पारशिवनी, काटोल, नरखेड हा पट्टा पायाखालचा. मुलांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेबद्दल माझं ठाम मत आहे. ते मांडतो. पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: देशातल्या बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही संघटना 1963 पासून आहे, सगळे तिला आयएपी म्हणतात. तिच्यात संसर्गजन्य आजारांचा वेगळा चॅप्टर आहे, आणि लसींबाबत सल्ला देणारी स्वतंत्र समिती आहे. डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली लसींचा जो रंगीत तक्ता दिसतो तो बहुतेक या समितीच्या शिफारशींवरून केलेला असतो. सरकारचा तक्ता वेगळा. तो आशाताईंच्या कार्डावर असतो.

या संघटनेच्या शब्दाला वजन आहे. ती 'ही लस द्या' म्हणाली की नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत सगळे ती लिहून देतात आणि आईबाप खिशात हात घालतात. एवढं वजन ज्याच्या शब्दाला, त्यानं लस विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर परिषद भरवू नये, असं माझं म्हणणं आहे. डॉक्टर विकले जातात असा आरोप मी करत नाही. मी ज्यांच्यासोबत काम केलं त्यातले कितीतरी बालरोगतज्ज्ञ देवमाणसं होती. पण पैसा कुठून येतो त्यावर चर्चेला काय येतं हे ठरतं.

उदाहरण घ्या. चंडीपुरा विषाणू आपल्या नागपूरजवळच्या गावाच्या नावानं जगाला माहीत आहे. 1965 साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संस्थेनं तो शोधला. वाळूमाशी चावते, मुलाला सकाळी ताप येतो, दुपारी उलट्या, झटके, आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडत नाही. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात त्यानं मोठी साथ आणली, तेव्हा 329 मुलं आजारी पडली आणि 183 दगावली. विदर्भातही त्यानं मुलं नेली आहेत. 2024 च्या पावसाळ्यात देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे 245 रुग्ण आणि 82 मृत्यू झाले, त्यातल्या 64 जणांत चंडीपुरा सिद्ध झाला. याला लस नाही, नेमकं औषधही नाही. मग त्याचा स्टॉल कोण लावणार? त्याच्या सत्राचा खर्च कोण उचलणार? मी आजवर हातात घेतलेल्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकांत न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू), फ्लू, कांजिण्या, टायफॉइड यांची सत्रं ठळक असायची. वाळूमाशी शोधावी लागायची.

बालवैद्य_रामदासपेठ

मी बालरोगतज्ज्ञ आणि संघटनेचा आजीव सभासद. माझा हितसंबंध आधीच सांगितलेला बरा.

काका, तुमच्या मनात खोट नाही हे दिसतं, पण तुम्ही एका पत्रिकेवरून संघटना मोजताय. 'ज्याला लस नाही त्याकडे संघटना बघत नाही' हे खरं नाही. स्क्रब टायफसच घ्या, चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. त्याला लस नाही, आणि त्यावरचं औषध डॉक्सीसायक्लिन इतकं स्वस्त आहे की कुठल्याच कंपनीला त्यात रस नसावा. तरीही 2017 मध्ये आयएपीनं मुलांमधल्या रिकेट्सिया आजारांवर (स्क्रब टायफस याच गटातला) मार्गदर्शिका काढली. ती लिहिणाऱ्यांत अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ आहेत, म्हणजे आपल्याच मातीतलं काम. पुढच्याच वर्षी, 2018 च्या पावसाळ्यात, नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा ती आम्हाला अक्षरशः उपयोगी पडली.

कशी, ते सांगतो. मूल चार-पाच दिवस तापानं फणफणलेलं, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट खाली, चेहरा सुजलेला. अशा मुलाचे सगळे कपडे काढून बघायचे: काखेत, जांघेत, कानामागे, केसांत. चिगर चावलेल्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली असते, दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही आणि आईलाही दिसत नाही. ती सापडली की रिपोर्टची वाट न बघता डॉक्सी सुरू करायचं. बहुतेक मुलं दोन दिवसांत खेळायला लागतात. आठ वर्षांखालच्या मुलाला डॉक्सी दिलं की दात पिवळे होतात ही जुनी भीती थोड्या दिवसांच्या कोर्सला लागू नाही. पण ती डॉक्टरांच्या मनातून काढावी लागली, आणि संघटनेच्या व्याख्यानांनी हेही काम केलं.

आता लसींचं. कावीळ ब, हिब (मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक जंतू), रोटा (जुलाबाचा विषाणू), न्यूमोकोकल या चारही लसी आधी आमच्या तक्त्यात होत्या, सरकारी कार्यक्रमात नंतर आल्या. हिबसाठीची पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एक सुई, म्हणजे पेंटा) 2011 मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली, रोटा 2016 मध्ये आली, न्यूमोकोकल 2017 मध्ये काही राज्यांत आणि 2021 मध्ये देशभर. तेव्हाही लोक म्हणायचे, डॉक्टर कंपन्यांचं ऐकतात. आज त्याच लसी गडचिरोलीच्या आदिवासी मुलाला फुकट मिळतात.

गोकुळपेठची_आई

दोघांचंही वाचलं. तुमचा वाद मोठा आहे, माझा प्रश्न घरातला आहे. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. पहिल्या मात्रा सरकारी दवाखान्यात घेतल्या. नंतर ज्या खाजगी डॉक्टरांकडे गेले त्यांनी तक्ता पुढे केला आणि म्हणाले, हे सगळं घ्यावंच लागेल. यातली बहुतेक इंजेक्शनं हजार-दोन हजारांच्या खाली नाहीत. माझ्या नवऱ्याचं बुटीबोरीला कंत्राटी काम आहे. नक्की काय घ्यावंच लागतं, आणि काय परवडलं तर घ्यायचं, हे मला कोणी स्पष्ट का सांगत नाही?

बालवैद्य_रामदासपेठ

ताई, स्पष्ट सांगतो.

सरकारी केंद्रावर मिळणाऱ्या लसी आधी पूर्ण करा. बीसीजी, पोलिओ, पेंटा, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला, पुढे बूस्टर. यानं बाळाचं सगळ्यात मोठं संरक्षण होतं, आणि ते फुकट आहे. पैसे कमी असतील तर यातली एकही चुकवून खाजगी लस घेऊ नका.

त्यावर पहिले पैसे खर्च करायचे असतील तर माझ्या मते टायफॉइडची कॉन्जुगेट लस. आपल्याकडे टायफॉइड पुष्कळ आहे आणि जंतू जुन्या औषधांना दाद देत नाही. नवी मुंबई महापालिकेनं 2018 मध्ये ही लस आपल्या भागातल्या मुलांना मोहीम काढून फुकट दिली. नागपूरला असं काही झालं तर मला फार आनंद होईल. दुसरं, गालगुंड. सरकारी गोवर-रुबेला लसीत गालगुंड नाही, तिन्ही आजारांवरच्या एमएमआर लसीत आहे. 2024 मध्ये माझ्या ओपीडीत गाल सुजलेल्या मुलांची रांग होती. बहुतेक बरी होतात, पण एखाद्याचा कान कायमचा जातो. सरकारनं गोवर-रुबेलाऐवजी एमएमआर द्यावी ही मागणी आयएपीनं लावून धरली आहे. कांजिण्या, कावीळ अ, फ्लू यांचाही उपयोग आहे, पण 'घ्यावंच लागेल' हा शब्द मी तिथे वापरणार नाही. घरात दमा किंवा हृदयाचा आजार असलेलं मूल असेल तर फ्लूची लस वर सरकते.

सजग_रेशीमबाग

डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे जे लिहिलंत ते संघटनेच्या तक्त्यावर का नाही? तक्त्यावर सगळ्या लसी एका ओळीत, एकाच थाटात असतात. अमुक लस सरकारी केंद्रावर फुकट मिळते, हे त्या काचेखालच्या कागदावर मी कधी वाचलेलं नाही. कंपनीनं छापून दिलेल्या तक्त्यावर तर ते असणारच नाही. या ताईंचं सोडा, मी बँकेत अधिकारी आहे, तरी माझ्या मुलीच्या वेळी मला कळलं नव्हतं.

आणि सरकारनं नंतर लस घेतली म्हणजे संघटना निष्पक्ष होती हे सिद्ध होत नाही. लस चांगली असू शकते आणि शिफारस करणाऱ्यावर कंपनीचं ओझंही असू शकतं. दोन्ही एकाच वेळी.

आशाताई_हिंगणा

मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या भागात अर्धी वस्ती एमआयडीसीतल्या कामगारांची.

मला कंपनीच्या पैशाचं काही कळत नाही, पण एक गोष्ट रोज बघते. पेंटाच्या सुईनंतर बाळाला ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर रडतं. आम्ही आधीच सांगतो, पॅरासिटामॉलचे थेंब देतो, ओल्या फडक्यानं शेक सांगतो. तरी पुढच्या महिन्यात आई म्हणते, 'ताई, मोठ्या दवाखान्यात न दुखणारी सुई आहे म्हणे, आपली साधी असते का?' मग ती कर्ज काढून तिकडे जाते. एकदा जाते, दुसऱ्यांदा पैसे नसतात, आणि इकडे यायला लाजते. बाळाची मात्रा राहून जाते. माझ्या यादीत अशी बाळं आहेत. ती मी घरोघर जाऊन परत आणते, पण सगळी येत नाहीत.

डॉक्टरांच्या संघटनेनं एकदा मराठीत जाहीर सांगावं की सरकारी लस साधी नाही. आमचं कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील.

बालवैद्य_रामदासपेठ

आशाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि हे मी लिहून देतो: सरकारी लस कमी दर्जाची नसते. कित्येकदा सरकारी कुपी आणि खाजगी कुपी एकाच कंपनीची असते, पुण्यातली किंवा हैदराबादची.

दुखणाऱ्या सुईबद्दल संघटनेची भूमिका काय होती तेही वाचकांना कळू द्या. तुमच्या पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून ताप येतो. महागड्या 'न दुखणाऱ्या' लसीत जंतूचे फक्त निवडक भाग असतात. त्यानं ताप कमी, पण संरक्षण लवकर ओसरतं. आयएपीच्या 2014 च्या वेळापत्रकात पहिल्या तीन मात्रांसाठी अख्ख्या जंतूचीच लस घ्या, दुसरी शक्यतो टाळा, असा सल्ला होता. म्हणजे स्वस्त लसीच्या बाजूनं. ज्या संघटनेवर कंपनीधार्जिणी असल्याचा आळ येतोय तिनं हे लिहिलं होतं, याची नोंद असू द्या.

सजग_रेशीमबाग

मग नागपुरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'वेदनारहित लसीकरण' का लिहिलेलं असतं? सल्ला संघटनेच्या कागदावर राहिला आणि पाटीवर उलटं आलं. माझा राग संघटनेच्या अभ्यासावर नाही. आपल्याच सभासदानं तो पाळला नाही तर संघटना काहीच म्हणत नाही, यावर आहे.

बॅगवाला_सीताबर्डी

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. माझी बाजू मांडायला इथे कोणी येणार नाही, म्हणून मीच लिहितो.

परिषद भरवायला पैसा लागतो. हॉल, जेवण, पडदा, बाहेरून येणाऱ्या वक्त्यांची तिकिटं. हे पैसे सभासदांनी स्वतः भरायचे तर नोंदणी शुल्क कितीतरी वाढेल. धंतोलीच्या मोठ्या रुग्णालयाच्या मालकाला फरक पडणार नाही. अहेरी, देवरी, चिमूरला एकटा दवाखाना चालवणारा डॉक्टर, किंवा मेडिकलमध्ये शिकणारा निवासी डॉक्टर, तो येणं बंद करेल. आणि ज्याला नवं शिकायची सगळ्यात जास्त गरज आहे तो हाच. आमच्या पैशानं तो आत बसतो.

पूर्वी परदेशवाऱ्या व्हायच्या, मी नाकारत नाही. पण मार्च 2024 ची केंद्र सरकारची संहिता आल्यापासून वक्ता नसलेल्या डॉक्टरला कंपनीनं तिकीट आणि हॉटेल द्यायला मनाई आहे, भेटवस्तूंना मनाई आहे, आणि परिषदेवर केलेला खर्च कंपनीनं जाहीर करायचा आहे. नियम आहेत. मग अजून काय हवं?

हिवतापवाला_निवृत्त

भाऊ, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याचा आदर आहे. नियमांचा इतिहासही मग पूर्ण सांगू या. 2009 मध्ये मेडिकल कौन्सिलनं कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घ्यायला डॉक्टरांना आणि डॉक्टरांच्या संघटनांनाही बंदी केली. 2016 मध्ये त्यातून संघटनांना वगळलं. म्हणजे एकट्या डॉक्टरनं घेतलं तर गुन्हा, सगळ्यांनी मिळून घेतलं तर चालतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या जागी आलेल्या नव्या आयोगानं कंपनी-प्रायोजित परिषदांना डॉक्टरांनी जाऊच नये असा नियम काढला. तो महिन्याच्या आतच स्थगित झाला. 2024 ची संहिता कंपन्यांसाठी आहे. संघटनेवर आजही बंधन तिनं स्वतः घालून घेतलं तरच आहे.

आणि बंधन घालून चालतं याचा दाखला बालरोगतज्ज्ञांकडेच आहे. बाळाच्या पावडर-दुधाच्या कंपन्यांकडून डॉक्टरांनी किंवा त्यांच्या संघटनांनी पैसे घ्यायचे नाहीत, अगदी परिषदेसाठी, संशोधनासाठीही नाही, असा कायदा आहे. 1992 चा, 2003 मध्ये आणखी कडक केलेला. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या परिषदा बंद पडल्या का? नाही पडल्या. उलट आज एखादा बालरोगतज्ज्ञ 'आईचंच दूध द्या' म्हणतो तेव्हा त्याच्यावर शंका घ्यायला जागा नाही. लसीबाबतही मला तेच हवं आहे, कारण मी लसीच्या बाजूचा माणूस आहे. घरोघरी पोलिओचे थेंब पाजत हिंडलोय. 13 जानेवारी 2011 ला देशातला शेवटचा रुग्ण हावड्यात सापडला. हे यश विश्वासावर उभं आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवरानं मुलं गेली ती लस न मिळालेली किंवा न घेतलेली. विश्वास गेला की काय होतं ते तिथे दिसलं.

बालवैद्य_रामदासपेठ

पावडर-दुधाची तुलना मला मान्य नाही. पावडर-दूध आईच्या दुधाची जागा घेतं आणि बाळाचं नुकसान करतं, म्हणून तो कायदा आहे. लस बाळाला वाचवते. दोन्ही कंपन्यांना एकाच मापानं मोजणं मला अन्यायाचं वाटतं. पण संहिता संघटनेवर बंधन घालत नाही हा मुद्दा बरोबर आहे, आणि आम्ही तो आतल्या बैठकांत टाळतो.

धंतोली_लॅबवाली

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. पैशाच्या वादात तुम्ही एक गोष्ट विसरताय, ती म्हणजे माहिती.

माझ्याकडे टायफॉइडच्या संशयानं रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला येतं. बाटलीवर चिठ्ठी असते: ताप सात दिवस, अझिथ्रोमायसिन दिलं, सेफिक्झिम दिलं. जंतू औषधानं अर्धमेला झाल्यावर बाटलीत काय उगवणार? पाच दिवस मशीनमध्ये ठेवते, काही येत नाही, आणि रिपोर्ट 'वाढ नाही' असा जातो. मग डॉक्टर आणखी वरचं अँटिबायोटिक सुरू करतात. साध्या सर्दीलाही अझिथ्रो लिहिलेलं मी रोज बघते. 2014 पासून कितीतरी अँटिबायोटिकं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत, दुकानदारानं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि नोंद ठेवायची. प्रत्यक्षात इतवारीत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मागणी. नागपुरात डझनावारी चांगल्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय मेयो, मेडिकल, एम्स ही सरकारी रुग्णालयं. प्रत्येकाकडे आपापला डेटा आहे: लहान मुलांच्या रक्तात कोणता जंतू निघाला, तो कोणत्या औषधाला दाद देतो. कोणी कोणाला दाखवत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं एकत्र मागितला तर आम्हाला द्यावा लागेल. वर्षातून दोनदा 'नागपुरातल्या मुलांसाठी कोणतं औषध चालतंय' असं एक पान निघालं तर त्याला कंपनीचा रुपया लागत नाही.

महालचा_फार्मासिस्ट

लॅबवाल्या ताईंना जोरदार पाठिंबा. त्यात अजून एक जोडतो.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची, विशेषतः परासियाची मुलं नागपूरला आणली जात होती. साधा ताप-सर्दी, मग लघवी बंद, मूत्रपिंड निकामी. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, मेंदूज्वर किंवा एखादा नवा संसर्ग. पाण्याचे नमुने घेतले, डासांचे, उंदरांचे. विषाणूच्या तपासण्या झाल्या. शेवटी मूत्रपिंडाच्या बायोप्सीनं विषाकडे बोट दाखवलं, आणि तमिळनाडूच्या तपासणीत या मुलांना दिलेल्या कफ सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. वीसहून जास्त मुलं गेली. माझ्या दुकानात ते सिरप नव्हतं, पण मी त्या आठवड्यात रात्रभर बिलं तपासत बसलो होतो.

मुद्दा असा, की ही मुलं वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेली होती. एकेका डॉक्टरला एक-दोन रुग्ण दिसतात. दहा डॉक्टर एका दिवसात एकमेकांशी बोलले तर आकृती दिसते. संसर्गजन्य आजारांच्या संघटनेचं खरं काम हेच, 'हा संसर्ग नाही' हे लवकर ओळखणंसुद्धा. आणि दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका हे केंद्रानं ऑक्टोबरमध्ये सगळ्या राज्यांना कळवलं. पालक अजूनही रोज दुकानात येऊन मागतात. संघटनेनं मराठीत एक कागद दिला तर मी काउंटरवर चिकटवतो.

उत्तर_नागपूर_बाबा

माझी मुलगी सिकलसेलची, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, पूर्ण आजार. सात वर्षांची. आमच्या समाजात हा आजार घरोघर आहे, विदर्भात बहुतेकांना माहीत आहे.

ती तीन वर्षांची असताना न्यूमोनियानं मरता मरता वाचली. एका मोठ्या दवाखान्यात तिला दोनदा दाखल केलं, पण सिकलसेलच्या मुलांना वेगळ्या लसी लागतात हे तिथे कोणी सांगितलं नाही. गेल्या वर्षी एका कॅम्पात कळलं. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल मिशन चालू आहे, तपासण्या होतात, कार्ड मिळतं. लसीचं काय? तुम्ही सगळे लस जास्त झाली म्हणून भांडताय. आमच्या मुलांना ती कमी पडतेय.

बालवैद्य_रामदासपेठ

दादा, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकसला अडवणारं कोणी राहत नाही. म्हणून पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन, आणि न्यूमोकोकलच्या दोन प्रकारच्या लसी. तुमची मुलगी 2021 च्या आधीची, म्हणजे सरकारी न्यूमोकोकल तिला मिळाली नसणार. आधी कॉन्जुगेट लसीची एक मात्रा, मग निदान आठ आठवड्यांनी 23 प्रकारांवरची दुसरी लस, ती पाच वर्षांनी पुन्हा एकदा. टायफॉइडचीही द्या. आणि ताप 101 च्या वर गेला तर रात्र घरी काढू नका, तडक दवाखाना गाठा. तिचं कार्ड तिच्या डॉक्टरांना दाखवून हे ठरवून घ्या.

ती 23 ची लस सरकारी कार्यक्रमात नाही. संघटनेच्या शिफारशीत मात्र आहे, जोखमीच्या मुलांच्या वेगळ्या यादीत.

हिवतापवाला_निवृत्त

याच ठिकाणी माझं म्हणणं सगळ्यात जास्त टोचतं. शिफारस आहे, पण ती वेगळ्या यादीत मागे पडून राहिली आणि या बापापर्यंत पोचायला एवढी वर्षं गेली. फ्लूच्या लसीचं पत्रक मात्र गल्लीतल्या क्लिनिकपर्यंत पोचलं, कारण ते पोचवायला बॅग घेतलेला माणूस होता. शिफारस चुकीची नव्हती. ती पोचवायचं काम आपण बाजारावर सोडलं. सिकलसेलच्या मुलांना ही लस सरकारनं फुकट द्यावी म्हणून विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी एकमुखानं मागणी केली तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ती ऐकली जाईल. अधिवेशन आपल्याच दारात भरतं.

बॅगवाला_सीताबर्डी

हे मान्य आहे. ती लस कमी खपते म्हणून तिच्यासाठी कोणी फिरत नाही, हे मीच सांगतो. पण ही चूक आमच्या पैशाची कशी? जिथे आम्ही जात नाही तिथे संघटनेनं स्वतः जावं ना.

बालवैद्य_रामदासपेठ

पैशावर माझं मत सांगून टाकतो. पूर्ण बंदी मला पटत नाही. चिमूरच्या डॉक्टरचा मुद्दा खरा आहे, मी स्वतः निवासी असताना शुल्क भरायला उसने घेतले होते. पण दोन गोष्टी स्थानिक बैठकीत मांडायची माझी तयारी आहे. लसींच्या शिफारशीवरचं सत्र त्या लसीच्या कंपनीच्या पैशावर होणार नाही. आणि परिषदेला कोणी किती दिले ते नोंदणीच्या टेबलाशेजारी मोठ्या अक्षरांत लावायचं. तक्त्यावर 'सरकारी केंद्रात मोफत' हा रकाना घालायची सूचनाही करतो, ती सजग यांची. लॅबच्या पानाबद्दल मला मेडिकल आणि एम्समधल्या सहकाऱ्यांशी आधी बोलावं लागेल.

सजग_रेशीमबाग

रकमा लावल्या आणि तरी तेच प्रायोजक तेच विषय घेऊन आले तर? जाहीर करणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. मी धागाकर्त्यांच्या बाजूनं, पूर्ण बंद करा. शुल्काचा प्रश्न निवासी आणि ग्रामीण डॉक्टरांना सवलत देऊन सुटतो, मोठ्या रुग्णालयांनी जास्त भरावं.

उमरेडचा_मास्तर

सगळे शिकलेले लोक बोलून राहिले, बरं वाटलं. मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर हाव. आमच्याकडं अजून मातीची घरं हायेत, भिंतीला भेगा, बाजूलेच गोठा. ते वाळूमाशी म्हणता ना, ते तिथंच राह्यते. पण आमच्या मायबाईले हे कोण सांगन? पोराले ताप आला, झटका आला, तं आधी बाहेरचं पाह्यते, मंग डॉक्टर. तोवर टाइम निघून जाते. पैसे कंपनीचे का सभासदाचे, हे तुमी ठरवा. पण मोठ्या हॉटेलात बोलल्यानं भिवापूरच्या मायले काही समजत नाही.

आमच्या शाळेचा हॉल रविवारी रिकामाच राह्यते. भाडं नाही, माइक आहे, चहा आमी देतो. बालवैद्य साहेब, तुमी अन् तुमच्या संघटनेचे दोन-तीन डॉक्टर या. आशाताईंनाबी बोलवा. आजूबाजूच्या गावच्या आशा, अंगणवाडीच्या बाया, सरपंच, मी जमा करतो. ताप, झटका आला तं किती वेळात कुठं न्यायचं, काळी खपली कुठं पाह्याची, कोणती सुई फुकट भेटते, एवढंच सांगा. फक्त तारीख या पंधरवड्यातली द्या. पोळा झाल्यावर येऊन काही फायदा नाही.

बालवैद्य_रामदासपेठ

मास्तर, येतो. येणारा नाही, त्याच्या पुढचा रविवार, सकाळी अकरा. धारणी-मेळघाटात काम केलेल्या एका सहकारी डॉक्टरांनाही विचारतो. काळ्या खपलीचे फोटो मोठे छापून आणतो, खर्च माझा.